हरवलेल्यानं बसायचं

लेकरांना घेऊन प्रवास कसा करावा, हे जालना ते भोकरदन या सगळ्या पट्ट्यात एकाच माणसाला कळत होतं आणि त्या माणसाला स्वतःचं एकही लेकरू नव्हतं. या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या आत्या. त्यांना आमचे हे आत्याबाई म्हणत, आमची मुलं आत्याबाई म्हणत, भोकरदनची आमची सगळी वस्ती आत्याबाई म्हणे आणि स्टँडवरचे हमालसुद्धा 'आत्याबाई, आज किती लेकरं?' असं विचारत, तेव्हा मीही त्यांना आत्याबाईच म्हणते. कुणाची लेक पहिलं मूल घेऊन सासरी निघाली, कुणाला तीन पोरांसह औरंगाबादला लग्नाला जायचं झालं, की आधी माणूस धावे तो आत्याबाईंच्या दाराशी. त्या लगेच हो म्हणत नसत. 'लेकरं किती? दात आले का? उलटीवालं कोणतं?' एवढं विचारून घेत, आणि मग खुंटीवरची खाकी पिशवी काढून खांद्याला अडकवत. ही पिशवी खांद्याला लागली, की आत्याबाईंचा चेहरा एखाद्या फौजदारासारखा व्हायचा. मग लेकरांच्या बापाचंही काही चालत नसे.

त्यांचे नियम होते. मी शाळेत शिकवते, मला नियमांचं कौतुक असायला हवं, पण लग्न होऊन आले तेव्हा मला त्या नियमांचं नुसतं हसू यायचं. पहिला नियम कपड्यांचा. लेकराला प्रवासात पांढरं घालायचं नाही, मातकट घालायचं नाही, घालायचं ते लालभडक, आणि सगळ्या लेकरांना एकाच ताग्यातलं. आमच्या सुजाताचा फ्रॉक आणि मिलिंदचा सदरा, दोन्ही एकाच लाल छिटाचे, मोठ्ठाल्या पिवळ्या फुलांचे. स्टँडवर उभी राहिली, की दोघं बँडवाल्यांची पोरं दिसायची. मी एकदा म्हटलं, 'आत्याबाई, जरा बरा रंग घेऊ या की.' त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा म्हणून त्या छिटाचं नाव काढलं नाही.

या नियमाला कारण होतं, आणि ते कारण त्या दरवर्षी एकदा तरी सांगत. छप्पन साली आत्याबाई आणि त्यांचे मालक दीक्षेला नागपूरला गेले होते. समदी दुनिया पांढऱ्या कपड्यांत. यांचंही लुगडं पांढरं, मालकांचं धोतर पांढरं, टोपी पांढरी. गर्दीत हात सुटला आणि नवरा-बायको हरवले. 'मंग काय इचारता! म्या त्याला हुडकत फिरले, त्यो मला हुडकत फिरला. तीन दिस. जो दिसंल त्यो आपलाच नवरा वाटायचा. चार जणांचा तर म्या हात धरला, चौघंबी दुसरेच निघाले.' शेवटी आत्याबाई एकट्याच विचारत विचारत भोकरदनला पोचल्या, तर मालक आदल्याच दिवशी येऊन उंबऱ्यावर भाकरी खात बसलेले. त्यांनी वर मान करून विचारलं, 'कुठं गेल्ती?' आत्याबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण त्या तीन दिवसांत त्यांनी दोन धडे घेतले ते जन्मभरासाठी. एक, पांढऱ्यात पांढरं हरवतं. आणि दुसरा, जो त्यांच्या सगळ्या नियमांचा राजा होता: हरवलेल्यानं बसायचं, शोधणाऱ्यानं फिरायचं. 'दोघंबी फिरले की भेट न्हाई. एकानं बसलंच पायजे. हरवलं की जिथं हैत तिथंच बूड टेकायचं आन् बिलकुल हलायचं न्हाई. जो आपला हाय, त्यो येतोच.'

हा नियम त्या नुसता सांगत नसत, त्याची तालीम घेत. आठवडी बाजारात लेकरांना घेऊन जायचं, भर गर्दीत मधेच हात सोडायचा आणि बांगडीवाल्याच्या मागं जाऊन दडायचं. जे लेकरू जागच्या जागी मांडी घालून बसेल त्याला गोडीशेव. जे रडत धावेल त्याला काही नाही, वर पुढच्या आठवड्यात पुन्हा तालीम. मला हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ह्यांना म्हटलं, 'तुमच्या आत्या माझी लेकरं बाजारात मुद्दाम हरवू राह्यल्या!' हे म्हणाले, 'मलाबी हरवलं व्हतं त्यांनी. चार वेळा. म्या गोडीशेव लई खाल्ली.' पाटबंधारे खात्यातल्या माणसाकडून यापेक्षा जास्त उत्तराची अपेक्षा करू नये. आमचा मिलिंद तर इतका पक्का झाला, की घरात मी त्याच्यावर ओरडले तरी तो आधी खाली बसायचा.

खाण्याचे नियम वेगळे. निघायच्या दिवशी दूध नाही, चहा नाही, तेलकट नाही. दुधातली दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या लाह्या. ज्याला उलटी होते त्याच्या हातात लिंबू, आणि ते लिंबू कापायचं नाही, नखानं नुसतं ओरखडायचं आणि हुंगायचं. परक्यानं दिलेलं काही खायचं नाही, मग तो साखरेचा पुतळा का देईना. खिडकीवरून भांडण नको म्हणून खिडकीची वाटणी: राजूरपर्यंत थोरल्याची, राजूरपासून धाकट्याची, आणि येताना उलट. वयाच्या बाबतीत तर त्या हरिश्चंद्र होत्या. सगळं जग लेकरांचं वय चोरून तिकीट वाचवतं. एकदा कंडक्टर बिचारा मिलिंदकडं बघून आपणहून म्हणाला, 'हे तीनच्या आतलं दिसतंय, राहू द्या.' आत्याबाई कडाडल्या, 'सव्वातीनचं हाय! अर्धं तिकीट फाडा. लेकराची उमर चोरली की वाढ खुंटती.' मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

आणि जागा धरायची त्यांची रीत! आमच्याकडं यष्टी लागली, की लोक खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, कुणी चप्पलही टाकतं. आत्याबाई लेकरू टाकत. 'रुमाल कोणीबी उचलून फेकतं. लेकराला कोण फेकतं?' काखेत धरून लेकराला उचलायचं, खिडकीतून आत सोडायचं, लेकरानं बाकावर हातपाय पसरून आडवं व्हायचं, की तीन जणांची जागा पक्की. एकदा शेजारच्या बाकावर एक वयस्क पाटील होते. आमच्या वस्तीची माणसं म्हटल्यावर त्यांनी धोतर सावरलं आणि अंग चोरून कडेला सरकले. आत्याबाई म्हणाल्या, 'पाटील, यष्टीत जात नसती, जागा असती. जरा बराबर बसा.' आणि मिलिंदला त्यांच्या बाकावर अर्ध्यात बसवलं. राजूर यायच्या आत मिलिंद पाटलांच्या खांद्यावर झोपला. त्याची लाळ त्यांच्या सदऱ्यावर गळत होती आणि पाटील भोकरदनपर्यंत जागचे हलले नाहीत. उतरताना आत्याबाई माझ्या कानात म्हणाल्या, 'बघ, लेकरू अंगावर झोपलं की कोणीबी हलत न्हाई.'

आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पण कोणती गाडी कुठली हे त्या लांबूनच ओळखत, आणि ते माणसं बघून. त्यांचं म्हणणं असं, की भोकरदनची माणसं यष्टीच्या दारातच भांडतात आणि मंठ्याची माणसं आत बसल्यावर भांडतात. आता याला काही अर्थ आहे का? पण त्या चुकल्या असं मी कधी बघितलं नाही. तरीसुद्धा मी सोबत असले, की गाडी लागल्यावर कमरेवर हात ठेवून, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणत, 'वाच बरं, मास्तरीणबाई.' मग मी पाटी वाचायची: 'भोकरदन.' आणि आत्याबाई आजूबाजूला बघायच्या. ते बघणं मी कधी विसरणार नाही. आमच्या वस्तीत नोकरीला लागलेली पहिली बाई मी. पाटीवर काय आहे ते त्यांना ठाऊकच असायचं. त्यांना ते फक्त माझ्या तोंडून लोकांना ऐकवायचं असायचं. मला मात्र वाटायचं, म्हातारीचं माझ्यावाचून अडतं. दोन पुस्तकं शिकलेल्या माणसाला असंच वाटत असतं.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. नोकरीमुळं आम्ही जालन्याला राहत होतो; दिवाळीच्या सुट्टीत भोकरदनला निघालो. ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून आत्याबाई आदल्या दिवशी आम्हाला न्यायला जालन्याला आल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या वस्तीतल्याही चार-पाच बाया त्याच गाडीची वाट बघत होत्या. एक गाडी आली, धुळीचा लोट उठला, गर्दी तुटून पडली. आत्याबाईंनी मिलिंदला काखेत उचललं आणि नेहमीसारखं विचारलं, 'वाच बरं, मास्तरीणबाई.' मी टाचा उंच करून लोकांच्या डोक्यांमधून बघितलं. गाडीच्या तोंडापाशी पाटी दिसली. मी वाचलं, 'भोकरदन!'

आत्याबाई उचललेल्या लेकरासकट थबकल्या. म्हणाल्या, 'माणसं तर मंठ्याची दिसू राह्यली, बाई. दारात कोणीच भांडंना.'

मला राग आला. ऊन, गर्दी, सुजाताची भुणभुण, आणि आता हे माणसांचं शास्त्र. मी म्हटलं, 'आत्याबाई, पाटीवर लिहिलंय ना! का मला वाचता येत नाही?'

'तसं न्हाई गं,' त्या म्हणाल्या, आणि पाच वर्षांचा मिलिंद खिडकीतून आत गेला. लाल सदरा बाकावर आडवा झाला. आम्ही तिघी दाराकडं वळलो. दारात माणसांचा गठ्ठा. आम्ही रेटतोय, पुढचे हलेनात, तेवढ्यात आतून घंटी वाजली, कुणीतरी ओरडलं, 'जागा न्हाई, मागची धरा!' आणि गाडी सुटली. सुटून वळली, तेव्हा तिचं तोंड माझ्याकडं झालं. वर पाटी होती: मंठा. मी जी वाचली होती, ती कंडक्टरनं काढून खाली बंपरला टेकवून ठेवलेली जुनी पाटी होती. वरची नवी पाटी तेव्हाच लागली होती, ती लोकांच्या फेट्यांआड गेली आणि मी वर बघितलंच नाही. अक्षरं मी बरोबर वाचली, पाटीच चुकीची वाचली.

हे मला त्याच क्षणी कळलं. अगदी त्याच क्षणी. हे मी मुद्दाम दोनदा लिहिते, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलं नाही. गाडी धूळ उडवत निघून गेली आणि मी आत्याबाईंच्या अंगावर ओरडले, 'पोटचं असतं, तर असं फेकलं असतं का खिडकीतून? तुम्हाला काय कळणार लेकराचं!'

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आणि वर चोराच्या उलट्या बोंबा. सगळा स्टँड आमच्याकडं बघत होता. वस्तीतल्या बायाही बघत होत्या. आत्याबाईंनी तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं, मग त्या बायांकडं बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, यांच्याकडं बोलायला काही नाही. मग त्या शांतपणे म्हणाल्या, 'तू इथंच बस. सुजाताचा हात सोडू नको. मिल्या हलणार न्हाई. म्या जाते.' कंट्रोलवरचा माणूस मंठ्याला फोन लावत होता आणि तो लागता लागत नव्हता. तोवर आत्याबाई रस्त्यावर जाऊन कापसाच्या ट्रकपुढं आडव्या उभ्या राहिल्या होत्या. साठीला आलेली बाई ट्रकच्या केबिनमध्ये चढताना मी पाहिली. खाकी पिशवी खांद्याला होती.

मंठ्याला काय झालं ते मला नंतर मिलिंदकडून आणि त्या कंडक्टरकडून कळलं. गाडी मंठ्याला पोचली, माणसं उतरली, आणि एका बाकावर लाल सदऱ्यातलं एक पोरगं आडवं. कंडक्टर म्हणाला, 'उतर रे बाळा.' पोरगं म्हणालं, 'न्हाई. जागा धरलीय.' 'कोणासाठी?' 'आत्याबाईसाठी.' 'कुठं हैत त्या?' 'येणार हैत.' कंडक्टरनं पेपरमिट दिलं, घेतलं नाही. हॉटेलवाल्यानं भजी आणली, 'परक्याचं खायचं न्हाई,' म्हणाला. उचलून उतरवायला गेले, तर बाकाच्या दांडीला चिकटला. शेवटी माणसं कंटाळली. ड्रायव्हर म्हणाला, परतीची गाडी तीनला आहे, तोवर बसू द्या. रडला नाही. एकदाच विचारलं म्हणे, 'राजूर गेलं का? राजूरपासून खिडकी माझी हाय.' तीन वाजायच्या जरा आधी कापसाचा ट्रक थांबला आणि खिडकीतून आत्याबाईंचं डोकं दिसलं. त्यांनी हात पुढं केले. जसा टाकला होता तसाच खिडकीतून काढून घेतला, आणि मग दारानं चढून पुन्हा त्याच जागेवर बसल्या. पिशवीतून गोडीशेव काढून त्याला दिली.

संध्याकाळी त्याच गाडीनं दोघं जालन्याला उतरली. तोवर ह्यांनाही निरोप गेला होता, ते कचेरीतून तसेच आले होते. मिलिंदला मी ओढून घेतलं, मुके घेतले, रडले. हे घाबरून विचारत होते, 'झालं काय? असं झालं कसं?' वस्तीतल्या बाया भोवती उभ्याच होत्या, त्यांनीही मागच्या गाड्या सोडून दिल्या होत्या. मी लेकराच्या केसांत तोंड घालून होते. मला वाटलं, आता आत्याबाई सांगणार. सांगू देत, मी कबूल करीन.

आत्याबाई म्हणाल्या, 'माझी चूक झाली, बाबा. म्या अडाणी बाई, यष्टी वळखू आली न्हाई.'

त्या स्वतःला अडाणी म्हणाल्या, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. पाटी मी वाचली होती, एवढं चार शब्दांचं. दुसरीतली पोरं याहून मोठं वाक्य वाचतात. मी गप्प बसले. त्या संध्याकाळी गप्प बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर लोक म्हणतील काल का नाही सांगितलं. आठवड्यानं वाटलं, लोक विसरतील. महिन्यानं लोक विसरले नव्हते, पण मी माझ्या मनाची समजूत घालायला शिकले होते.

लोक कसले विसरतात! 'भोकरदनला निघाले आन् मंठ्याला पोचले,' ही आमच्या वस्तीत म्हणच पडली. कुणाचं लग्न मोडलं तरी हीच म्हण, कुणी नापास झालं तरी हीच. आत्याबाईंच्या दाराशी माणूस जायचं बंद झालं. मुद्दाम कुणी काही बोललं नाही, पण आपलं लेकरू कोण जोखमीत घालतं? त्यांच्या गल्लीतून स्टँडकडं जाणाऱ्या लेकुरवाळ्या बाया दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या. खाकी पिशवी खुंटीवर राहिली. आम्ही सुट्टीला भोकरदनला जायचो, त्या आमचं प्रेमानं करायच्या, दशम्या बांधून द्यायच्या, लिंबूही द्यायच्या, पण पोचवायला स्टँडवर आल्या तर लेकरांपासून दोन हात लांब उभ्या राहायच्या, हात पदराखाली घेऊन. आणि मला पाटी वाचायला सांगणं त्यांनी सोडूनच दिलं. मी मनातल्या मनात वाचायची आणि पुन्हा कंडक्टरला विचारायची. आमचे हे कधी कधी म्हणत, 'आत्या लई थकली गं. पूर्वीवाणी बोलत न्हाई.' मी म्हणायची, 'वय झालं.' इतकं सहज म्हणायची, की माझं मलाच नवल वाटावं.

पाच वर्षं गेली. सुजाता अकरा वर्षांची झाली, मिलिंद दहाचा. एक दिवस शाळेत मी एका पोरावर, त्यानं दुसऱ्याची पाटी फोडून तिसऱ्याचं नाव सांगितलं म्हणून, छडी उगारली. छडी वर गेली आणि खाली येईना. पोरगं डोळे मिटून वाट बघत उभं होतं. मी त्याला म्हटलं, 'जा, बस जाग्यावर.' आणि त्या शनिवारी दोन्ही मुलांना घेऊन भोकरदन गाठलं, सांगायचंच म्हणून. शनिवार गेला. रविवार गेला. आत्याबाईंनी पिठलं केलं, भाकरी केली, मिलिंदला गोडीशेव दिली. तो लाजला, पण खाल्ली. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मीठ मागितलं. सोमवारी सकाळी त्या आम्हाला पोचवायला स्टँडवर आल्या. नेहमीसारख्या दोन हात लांब. गाडी लागली. गर्दी बेताची होती. आणि आत्याबाई माझ्याकडं न बघता हळूच म्हणाल्या, 'वाच बरं, मास्तरीणबाई.'

पाच वर्षांनी. मला पाटी दिसेना. डोळ्यांत पाणी आल्यावर शिकलेल्या माणसालाही अक्षर दिसत नाही. मी म्हटलं, 'आत्याबाई, त्या दिवशी पाटी मीच वाचली होती.'

'मंग?' त्या म्हणाल्या. 'मला काय ठाऊक न्हाई का? म्या तर वाचत न्हाई. मंग दुसरं कोण वाचणार?'

'तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही मग? लोकांसमोर? ह्यांच्यासमोर?'

त्या म्हणाल्या, 'तोंड उघडलं व्हतं म्या. उघडलं तर समोर वस्तीतल्या बाया. तुझ्याकडं बघून त्यांनी त्या वर्षी सहा पोरी शाळात घातल्या व्हत्या. पोरीनं शिकून काय व्हतं म्हणणारी गडी माणसं लई व्हती तवा. मास्तरणीला पाटी वाचू आली न्हाई, असं म्या भर स्टँडात म्हणले असते, तर दुसऱ्या दिशी साऱ्या पोरी शेण गोळा करू लागल्या असत्या. माझं काय, म्या अडाणीच व्हते.'

माझ्या डोक्यात इतकी वर्षं माझी अब्रू होती आणि त्या बाईच्या डोक्यात सहा पोरी होत्या. मी त्यांचे हात धरले, पदराखालून ओढून काढूनच धरले. म्हटलं, 'आज वस्तीत येते परत. प्रत्येक घरी जाऊन सांगते. आता त्या पोरी शिकल्या, आता काही बिघडत नाही.'

'सांग,' त्या म्हणाल्या. 'पर आता सांगून काय?' आणि हसल्या. 'लेकरं मोठी झाली की समद्यांची. आता कोण राह्यलंय खिडकीतून टाकण्याजोगं?'

हे त्या मला टोचायला म्हणाल्या नाहीत. खरंच मोजून बघितल्यासारखं वस्तीच्या दिशेला बघून म्हणाल्या. त्या पाच वर्षांत वस्तीतली किती लेकरं सासर-आजोळच्या वाटेला उलट्या करत, हात सुटून रडत गेली, आणि त्यांना नखानं ओरखडलेलं लिंबू द्यायला कुणी नव्हतं. ती वर्षं मी कुठून आणून देणार होते? आमच्याकडं म्हणतात, बूंद से गयी वो हौद से नहीं आती. मी तर हौद घेऊन पाच वर्षांनी आले होते.

मी वस्तीत गेले. त्याच दिवशी, दुपारपर्यंत घरोघर फिरून सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं. एक म्हणाली, 'जाऊ द्या बाई, इतक्या दिसाचं कामून काढता?' एकीला ती गोष्टच नीट आठवत नव्हती, म्हण तेवढी आठवत होती. मला वाटलं होतं, माझं पाप ऐकून वस्ती हादरेल. वस्तीला त्याचं काही नव्हतं. ज्यांना असायला हवं होतं ती लेकरं विटीदांडू खेळत होती आणि त्यातल्या एकानंही लाल सदरा घातला नव्हता.

दुपारच्या गाडीनं आम्ही निघालो. आत्याबाई पुन्हा स्टँडवर आल्या. या वेळी त्या लांब उभ्या राहिल्या नाहीत, खिडकीखाली आल्या आणि मिलिंदच्या हातात लिंबू ठेवलं. 'आता उलटी होत न्हाई मला, आत्याबाई,' तो म्हणाला. 'असू दे,' त्या म्हणाल्या. मग पाय दुखतात म्हणून स्टँडच्या कडेच्या दगडावर जाऊन बसल्या. मी खिडकीतून ओरडले, 'आत्याबाई, उन्हात बसू नका, घरी जा आता.'

'जाईन की,' त्या म्हणाल्या. 'मला बसायची सवय हाय.'

गाडी सुटली. वळणापर्यंत मी मागं बघत होते. त्या दगडावर तशाच बसलेल्या होत्या, हलल्या नव्हत्या. राजूर आलं, तरी खिडकी बदलून घ्यायची आठवण दोन्ही मुलांपैकी कुणालाच झाली नाही. मला झाली. हरवलेल्यानं बसायचं, शोधणाऱ्यानं फिरायचं. त्या पाच वर्षं बसल्या होत्या. फिरायचं माझ्याकडं होतं.